चाचण्यांचे गुण आणि गुरुजींचा शीण

प्रतिनिधी, गंगाखेड

गोदाकाठचे गंगाखेड महाराष्ट्राला ठाऊक आहे ते संत जनाबाईंचे गाव म्हणून. या तालुक्याची दुसरी ओळख मात्र ऊसतोडीची आहे. दसरा-दिवाळी सरली, की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील गावे आणि तांडे रिते होऊ लागतात. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या हिशेबात 'एक कोयता' म्हणतात. हे कोयते पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांच्या वाटेला लागतात व त्यांच्याबरोबर अनेकदा लेकरेही जातात. आजी-आजोबांपाशी मागे राहिलेल्या मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृह योजना आहे. तिचा बराचसा भार शाळेवरच पडतो.

शाळांमधील पहिल्या सत्राची संकलित चाचणी याच स्थलांतराच्या तोंडावर येते. दुसरी एप्रिलमध्ये, गाळप हंगाम संपता संपता. मधले पाच-सहा महिने ज्या मुलाने फळा पाहिलेला नाही, तेही या चाचणीला बसते आणि त्याचे गुण शाळेच्या सरासरीत धरले जातात. ही सरासरी शिक्षकाच्या कामाचा पुरावा मानायची काय, हा प्रश्न केवळ गंगाखेडचा नाही. पण इथे तो जितका उघड दिसतो तितका शहरात दिसत नाही.

शिक्षकांच्या ज्या अवस्थेला इंग्रजीत 'बर्नआऊट' म्हणतात, तिच्यासाठी आपल्याकडे शीण, वैताग, खचणे असे शब्द वापरले जातात. अमेरिकेतील मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी 1974 मध्ये या संज्ञेला शास्त्रीय लेखनात स्थान दिले. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरणात तिची तीन लक्षणे दिली आहेत: शक्ती आटल्याची भावना, कामाविषयी मनात निर्माण होणारा दुरावा किंवा कडवटपणा आणि आपल्या हातून काही साधत नाही अशी जाणीव. संघटनेने या अवस्थेला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घ, न आवरलेल्या ताणाचा तो परिणाम मानला आहे. म्हणजे उपाय शोधायचा तो आधी कामाच्या रचनेत. शिक्षकांना योगासनांचे वर्ग सुचविणाऱ्यांनी ही व्याख्या एकदा वाचायला हरकत नाही.

ही रचना कशी घडत गेली, हे पाहण्यासारखे आहे. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्यापाठोपाठ 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. एका परीक्षेच्या धाकाऐवजी वर्षभर मुलाकडे पाहावे, त्याच्या नोंदी ठेवाव्यात, हा त्यामागचा विचार. विचार उमदा होता. प्रत्यक्षात मात्र नोंदवह्यांचा ढीग वाढला. 2015 मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला आणि राज्यभर एकाच प्रश्नपत्रिकेवर पायाभूत व संकलित चाचण्या होऊ लागल्या. त्याच वर्षी विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरण्यासाठी 'सरल' प्रणाली आली. शाळा 'प्रगत' आहे की नाही, हे मुलांच्या गुणांवरून ठरू लागले.

पुढचे पाऊल 23 ऑक्टोबर 2017 चे. शिक्षकाला 12 वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ आणि 24 वर्षांनंतर निवड वेतनश्रेणी मिळते. या शासन निर्णयाने ती शाळा प्रगत असण्याशी आणि 'शाळासिद्धी'तील श्रेणीशी बांधली. मुलाच्या उत्तरपत्रिकेचा धागा थेट गुरुजींच्या पगारपत्रकाला जोडला गेला. त्याविरुद्ध राज्यभर शिक्षक रस्त्यावर उतरले आणि यथावकाश ही अट मागे घेतली गेली. मात्र ती असतानाच्या काळात चाचणी तपासणारा आणि चाचणीच्या निकालावर ज्याचा लाभ अवलंबून, तो माणूस एकच होता. अशा व्यवस्थेत खरे गुण लिहिणाऱ्याचेच नुकसान होते, ही साधी गोष्ट निर्णय घेताना कुणाच्या ध्यानात आली नसेल, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

असे पूर्वीही घडले आहे. इंग्लंडमध्ये 1862 च्या नियमावलीनुसार मुलांच्या वाचन, लेखन व अंकगणिताच्या परीक्षेवर शाळेचे अनुदान ठरे. शतक संपता संपता ती पद्धत गुंडाळली गेली. अमेरिकेने 2002 मध्ये 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायदा करून चाचणीच्या निकालांवर शाळांचे भवितव्य ठरवायला सुरुवात केली. अटलांटा शहरातील 2009 च्या चाचण्यांची चौकशी झाली, तेव्हा 44 शाळांत गैरप्रकार आढळले आणि 178 शिक्षक व मुख्याध्यापकांची नावे पुढे आली. 2015 मध्ये 11 जणांना न्यायालयाने दोषी ठरविले. त्याच वर्षाअखेरीस अमेरिकेने तो कायदाही बदलला. समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी 1970 च्या दशकातच याचा इशारा देऊन ठेवला होता: एखादे मापक निर्णयासाठी जितके वापरावे, तितके ते भ्रष्ट होत जाते.

आपल्याकडे 2023-24 पासून केंद्राच्या 'स्टार्स' प्रकल्पांतर्गत नियतकालिक मूल्यांकन चाचणी, अर्थात 'पॅट', घेतली जाऊ लागली. प्रश्नपत्रिका पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची. पायाभूत, संकलित एक आणि संकलित दोन अशा वर्षाला तीन फेऱ्या. विषय प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. उत्तरपत्रिका शिक्षकांनीच तपासायच्या, गुणही त्यांनीच चॅटबॉटवर भरायचे. तांड्यावरच्या दोनशिक्षकी शाळेत एक शिक्षक तीन-चार वर्ग सांभाळतो. तिथे गुण भरायचे तर तेवढा वेळ वर्ग वाऱ्यावर सोडावा लागतो किंवा रात्री घरी, रेंज मिळेल तसे, बसावे लागते. ज्या विषयांची चाचणी नाही, ते चित्रकला, कार्यानुभव, परिसर अभ्यास, वेळापत्रकात आपोआप मागे सरकतात. 2025 मध्ये राज्यभर एकाच वेळी, 8 ते 25 एप्रिल, परीक्षा ठेवल्या गेल्या आणि 1 मे रोजी निकाल लावायचा होता. उन्हाचा तडाखा आणि तपासणीचे मोजके दिवस यांवरून शिक्षक संघटनांनी तेव्हा आवाज उठविला होता.

यात अशैक्षणिक कामांची भर आहेच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच कामे शिक्षकाला देता येतात. 'निवडणुका' या एका शब्दात मतदार याद्यांचे काम मावते. पोषण आहाराच्या नोंदी आणि 'यू-डायस'ची माहिती तर शालेय कामच गणली जाते.

चाचणीच नको, असे मात्र म्हणता येणार नाही. 'प्रथम'च्या 'असर' पाहणीने 2005 पासून दाखवून दिले, की पाचवीतील अनेक मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. ते कळले नसते, तर त्यावर काही करताही आले नसते. परंतु ती नमुना पाहणी आहे. डिसेंबर 2024 मध्ये तिसरी, सहावी व नववीसाठी झालेले 'परख' राष्ट्रीय सर्वेक्षणही तसेच. त्यातून जिल्ह्याचे चित्र कळते, एखाद्या गुरुजीची पगारवाढ अडत नाही, म्हणून गुण फुगविण्याचे कारणही उरत नाही. प्रत्येक मुलाची चाचणी हवीच असेल, तर ती त्याच्या शिक्षकाच्या हाती निदान म्हणून राहावी. ऊसतोडीहून परतलेल्या मुलाला वजाबाकीतली हातच्याची पायरी कुठे अडते, हे कळण्यापुरती.

दरम्यान, शिक्षकांच्या स्वतःच्या परीक्षेचा प्रश्न उभा राहिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी दिलेल्या निकालानुसार, सेवेची पाच वर्षांहून अधिक काळ शिल्लक असलेल्या आणि शिक्षण हक्क कायद्यापूर्वी रुजू झालेल्या शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होणे आवश्यक ठरले. महाराष्ट्रात ही परीक्षा 2013 पासून होते. त्याआधी पंधरा-वीस वर्षे शिकविलेले गुरुजी त्यामुळे शाळा सुटल्यावर बालमानसशास्त्राची पुस्तके उघडून बसू लागले.