काटेकोर शेती साधनांची विक्री व सेवा (सातारा व सांगली)

काटेकोर शेती म्हणजे जमीन, पीक व हवामान यांच्या मोजमापानुसार पाणी, खते व औषधे यांची मात्रा ठरवून देण्याची पद्धत होय. सातारा व सांगली जिल्ह्यांत या पद्धतीची साधने मुख्यतः ठिबक सिंचन संचांचे अधिकृत विक्रेते, कृषी सेवा केंद्रे आणि ट्रॅक्टर व अवजारांचे विक्रेते यांच्यामार्फत शेतकऱ्यांपर्यंत पोहोचतात.

पार्श्वभूमी

या भागाला शेती अवजारांच्या निर्मितीची व विक्रीची जुनी परंपरा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये तत्कालीन औंध संस्थानात, कुंडलजवळ किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगराने जमीन नासते, या समजुतीमुळे त्यांच्या सुरुवातीच्या नांगरांना गिऱ्हाईक मिळणे कठीण गेले होते.

आज दोन्ही जिल्ह्यांत पाण्याचे प्रश्न परस्परविरोधी आहेत. माण, खटाव, आटपाडी व जत हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. याउलट वाळवा, पलूस व मिरज तालुक्यांत नदीकाठची बरीच जमीन उसाला दिलेल्या अतिरिक्त पाण्यामुळे व अपुऱ्या निचऱ्यामुळे क्षारपड झाली आहे. मोजून पाणी देण्याची गरज दोन्हीकडे आहे.

प्रमुख साधने

• ठिबक संच व त्यातून विद्राव्य खते देणारी व्हेंच्युरी किंवा खताची टाकी
• वेळेनुसार किंवा पाण्याच्या मापानुसार झडपा उघडणारी स्वयंचलित यंत्रणा
• जमिनीतील ओलावा मोजणारे टेन्शिओमीटर व संवेदक
• तापमान, आर्द्रता व पानांवरील ओलावा नोंदवणारी हवामान केंद्रे. तासगाव, मिरज परिसरातील द्राक्षबागांत केवडा व भुरी या रोगांच्या फवारणीची वेळ ठरवण्यास ती उपयोगी पडतात
• लेझर लेव्हलर व फवारणीचे ड्रोन. ही महागडी साधने बहुधा भाड्याने घेतली जातात

विक्रीची पद्धत

ठिबक संचाच्या विक्रीत शेताची मोजणी, पाण्याची उपलब्धता व पिकातील अंतर पाहून विक्रेता आराखडा व कोटेशन देतो. शेतकरी महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करतो. पूर्वसंमती मिळाल्यावर संच बसवला जातो, देयक संकेतस्थळावर चढवले जाते व कृषी विभागाकडून मोका तपासणी होते. केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, तर इतरांना ४५ टक्के अनुदान आहे. राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेची जोड मिळाल्यास ते अनुक्रमे ८० व ७५ टक्के होते. हे प्रमाण प्रत्यक्ष देयकावर नव्हे, तर शासनाच्या मापदंड किमतीवर काढले जाते. म्हणून देयक त्याहून अधिक असल्यास शेतकऱ्याचा वाटा वाढतो. अनुदान नंतर बँक खात्यात जमा होत असल्याने प्रारंभीच्या रकमेसाठी स्वतःचा पैसा, कर्ज किंवा विक्रेत्याची उधारी यांचा आधार घ्यावा लागतो.

ड्रोन चालवण्यासाठी ड्रोन नियम, २०२१ नुसार दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र लागते. त्यामुळे ड्रोनच्या विक्रीला प्रशिक्षणाची जोड द्यावी लागते.

विक्रीपश्चात सेवा

मोका तपासणीबरोबर शासकीय प्रक्रिया जवळजवळ संपते. संचाची देखभाल मात्र तेथूनच सुरू होते. नदीच्या पाण्यातील गाळ व शेवाळ यांमुळे गाळण्या तुंबतात, तर विंधन विहिरीच्या जड पाण्यातील क्षार ड्रिपरमध्ये साचतात. त्यावर गाळण्यांची नियमित सफाई, नळ्यांची टोके उघडून पाणी सोडणे, क्षारांसाठी आम्लप्रक्रिया व शेवाळासाठी क्लोरीनप्रक्रिया हे उपाय आहेत. आम्लप्रक्रियेत आम्ल पाण्यात ओतावे, आम्लात पाणी ओतू नये; ही खबरदारी विक्रेत्याने प्रात्यक्षिकासह समजावून देणे आवश्यक असते.

संवेदक व हवामान केंद्रांच्या बाबतीत मोबाईल जोडणी, बॅटरी, वार्षिक वर्गणी व नोंदींचा अर्थ लावणे यांसाठी साहाय्य लागते. ऐन ऑक्टोबर छाटणीनंतरच्या काळात यंत्र बंद पडल्यास फवारणीचा निर्णय अंदाजाने घ्यावा लागतो.

मर्यादा

जमिनीचे लहान तुकडे, अनियमित वीजपुरवठा व प्रशिक्षित तंत्रज्ञांची उणीव या प्रमुख अडचणी आहेत. विक्रेत्याचे उत्पन्न मुख्यतः विक्रीतून येते, सल्ल्यातून नव्हे. त्यामुळे सेवेचा दर्जा विक्रेत्यागणिक बदलतो. ठिबक बसवूनही पाणी मोजून न दिल्यास पाण्याची बचत होत नाही आणि जमीन क्षारपड होण्याचा धोकाही टळत नाही.

हेही पहा

ठिबक सिंचन • टेंभू उपसा सिंचन योजना • किर्लोस्करवाडी • क्षारपड जमीन