विमानाच्या टाकीतला साबण

जेट विमानाच्या इंधनात एक रसायन घालतात, लिटरमागे मोजके मिलिग्रॅम. इंजिनाच्या ताकदीशी त्याचा काही संबंध नाही. इंधनात विजेचा भार साचून ठिणगी पडू नये, एवढंच त्याचं काम. त्याचा जन्म तेल कंपन्यांच्या प्रयोगशाळांत, विसाव्या शतकाच्या मध्याला झाला असं मानतात. माझ्या मते हे कूळ त्याहून बरंच जुनं आहे आणि ते निघतं जर्मनीतल्या ड्रायक्लीनिंगच्या कारखान्यांतून.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोकरी नि रेशमी कपडे बेन्झिनच्या, म्हणजे पेट्रोलच्याच हलक्या जातीच्या, टबात बुडवून धूत असत आणि या कारखान्यांना आगी लागत. जवळपास दिवा नाही, शेगडी नाही, तरी भडका उडे. कामगार टबातून लोकरी कपडा वर ओढतो. घर्षणाने कपड्यावर भार चढतो. हात किंवा धातूची कड जवळ आली की बारीकशी ठिणगी उडते, आणि टबावर तरंगणाऱ्या वाफेला तेवढी पुरते.

एम. एम. रिश्टर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १८९३ मध्ये या आगींवर पुस्तकच लिहिलं. त्याचा तोडगा असा: बेन्झिनमध्ये मॅग्नेशियम ओलिएट अगदी थोडं विरघळवा. हा मॅग्नेशियमचा साबणच. पाण्यात न विरघळणारा हा साबण बेन्झिनमध्ये विरघळतो आणि वीज जवळजवळ न वाहणाऱ्या द्रवातून भाराला वाट करून देतो. कपडा, टब, कामगार, सगळं तेच राहिलं. बदलला तो द्रव.

आता शेल या तेल कंपनीचं भार घालवणारं रसायन, एएसए-३, पाहा. १९६० च्या दशकात विमान इंधनात आलेल्या या मिश्रणात होते क्रोमियम आणि कॅल्शियमचे सेंद्रिय क्षार. तेलात विरघळणारे, साबणाच्याच घराण्यातले, आणि मात्रा तशीच नगण्य. हा निव्वळ योगायोग म्हणायला मी तयार नाही. बेन्झिन तेलवालेच विकत होते. गिऱ्हाइकाच्या आगी आणि त्यावरचा उतारा त्यांच्या कानावर गेला असणारच, असा माझा तर्क आहे.

दुसरा पक्ष म्हणतो, खरा पूर्वज म्हणजे आकाशातली वीज उतरवणारी बेंजामिन फ्रँकलिनची तार. वीज जमिनीत उतरवली की झालं. पण तार भार उतरवते तो धातूवरचा. द्रवाच्या पोटातला भार टाकीच्या भिंतीपर्यंत पोचला तरच तारेला मिळणार. हिशेब सोपा आहे. मीटरला १ पिकोसीमेन्स इतकी कमी वाहकता असलेल्या इंधनात भार सुमारे एक-तृतीयांशावर यायला १८ सेकंद लागतात; वाहकता ५० केली की सेकंदाचा तिसरा हिस्सा पुरतो. पंपातून आणि फिल्टरमधून इंधन जोरात वाहत असताना नवा भार सतत तयार होत असतो. तेव्हा अठरा सेकंद हा फार मोठा काळ आहे. म्हणून तर टाकी भरल्याबरोबर पातळी मोजायचा डिप रॉड आत सोडायचा नसतो. भार विरायला वेळ द्यावा लागतो.

रसायन घातलं म्हणून टँकर भरताना अर्थिंगची केबल लावायची चुकवता येत नाही. द्रवातून भिंतीपर्यंत भार नेतं ते रिश्टरचं घराणं, भिंतीपासून जमिनीपर्यंत नेतं ते फ्रँकलिनचं; म्हणून केबलचा चिमटा आधी लागतो आणि व्हॉल्व्ह त्यानंतर उघडतो.