जहाज हेच घर : समुद्रावरील निवासी जहाजांची ओळख

घर म्हटले की जमीन, पाया, भिंती आणि छप्पर असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु गेल्या दोन दशकांत जगातील काही मोजक्या कुटुंबांनी या कल्पनेला छेद देऊन तरंगत्या जहाजावर कायमचे वा दीर्घकाळाचे वास्तव्य पत्करले आहे. चार-आठ दिवसांची समुद्रसफर करून घरी परतणारे हे पर्यटक नव्हेत. जहाजावरील सदनिका हेच त्यांचे घर असून ते घरच त्यांना बंदरोबंदरी नेते. निवृत्तीनंतरचा काळ असा घालवावा, हा विचार अलीकडे आपल्याकडील सुस्थित कुटुंबांतही अधूनमधून बोलला जातो. त्या दृष्टीने या जीवनपद्धतीची घडण, तिचा खर्च आणि तिच्या मर्यादा समजून घेणे उपयुक्त ठरेल.

सोलापूरचा धागा

मुंबईचा किनारा सोलापूरपासून चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तरीही आधुनिक भारतीय जहाजवाहतुकीचा आरंभ सांगताना या शहराचे नाव टाळता येत नाही. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. बार्शी लाइट रेल्वेच्या कामात लक्ष्मणराव फाटक यांच्यासमवेत कंत्राटदारी करणाऱ्या या तरुणाने पुढे नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह १९१९ मध्ये ही कंपनी उभी केली. ५ एप्रिल १९१९ रोजी कंपनीचे 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. त्याच घटनेच्या स्मरणार्थ १९६४ पासून ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

'लॉयल्टी' हे मुळात आलिशान प्रवासी जहाज होते. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये बांधलेले हे जहाज 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या नावाने कॅनेडियन पॅसिफिक कंपनीतर्फे पॅसिफिक महासागरात व्हँकुव्हर व पूर्व आशिया यांच्या दरम्यान फिरत असे. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ते घेऊन त्याचे रुग्णालय-जहाज केले आणि त्याला 'लॉयल्टी' हे नाव दिले. सिंदिया कंपनीकडे आले तेव्हा त्याचे वय २८ वर्षांचे होते. अवघ्या चार वर्षांत, १९२३ मध्ये, ते मोडीत निघाले. कंपनी टिकली ती पुढे मालवाहू जहाजांच्या बळावर. जहाज मिळवणे हा केवळ आरंभ असतो, ते सुस्थितीत चालते ठेवणे हे खरे काम, हा या कहाणीचा बोध आजच्या निवासी जहाजांनाही तंतोतंत लागू पडतो.

'द वर्ल्ड' : रहिवाशांच्या मालकीचे जहाज

निवासी जहाजांतील सर्वांत प्रसिद्ध आणि दीर्घकाळ टिकलेले उदाहरण म्हणजे 'द वर्ल्ड'. नॉर्वेतील जहाजमालक क्नुट क्लोस्टर कनिष्ठ यांच्या कल्पनेतून ते साकारले आणि २००२ मध्ये प्रवासाला निघाले. सुमारे १९६ मीटर लांबीच्या या जहाजावर १६५ निवासस्थाने आहेत. एका खोलीच्या स्टुडिओपासून अनेक शयनगृहांच्या प्रशस्त सदनिकेपर्यंत त्यांचे प्रकार आहेत. मोठ्या सदनिकांत स्वतंत्र स्वयंपाकघर असते. उपाहारगृहे, वाचनालय, पोहण्याचा तलाव, टेनिसचे मैदान, किराणा दुकान व दवाखाना अशा सोयी जहाजावरच आहेत.

या जहाजाचे वैशिष्ट्य त्याच्या ऐश्वर्यापेक्षा त्याच्या मालकीच्या रचनेत आहे. आरंभी ते एका कंपनीच्या ताब्यात होते. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये रहिवाशांनीच एकत्र येऊन संपूर्ण जहाज विकत घेतले. आपल्याकडील सहकारी गृहनिर्माण संस्थेशी या व्यवस्थेचे साम्य आहे. रहिवाशांचे निवडून दिलेले मंडळ कारभार पाहते, जहाज चालवण्यासाठी व्यावसायिक व्यवस्थापन नेमले जाते आणि इंधन, कर्मचारी, दुरुस्ती, बंदरशुल्क यांचा खर्च सदनिकेच्या आकारमानानुसार वाटून घेतला जातो. जहाजाने कोठे जायचे हेदेखील रहिवासीच ठरवतात आणि पुढील दोन-तीन वर्षांचा मार्ग आधीच आखला जातो. २०१२ मध्ये या जहाजाने आर्क्टिकमधील वायव्य मार्ग पार केला, तर जानेवारी २०१७ मध्ये ते अंटार्क्टिकाच्या रॉस समुद्रात दक्षिणेस ७८ अंशांपलीकडे पोहोचले.

सारेच मालक वर्षभर जहाजावर राहत नाहीत. बहुतेकांची जमिनीवर एक वा अधिक घरे असतात आणि ते वर्षातील काही महिनेच येथे काढतात. एका वेळी साधारणतः दीडशे ते दोनशे रहिवासी जहाजावर असतात व त्यांच्या सेवेसाठी त्यांच्याहून अधिक कर्मचारी राबत असतात. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे सर्व रहिवाशांना उतरवण्यात आले, तेव्हा या दुसऱ्या घराचेच त्यांना मोल कळले.

मध्यमवर्गीय पर्याय आणि त्यांची परीक्षा

'द वर्ल्ड'वरील घर अतिश्रीमंतांनाच परवडणारे आहे. त्यामुळे तुलनेने कमी खर्चात दीर्घकाळ समुद्रवास घडवण्याच्या योजना गेल्या काही वर्षांत पुढे आल्या. त्यांतील दोन प्रकरणे प्रत्येक इच्छुकाने ध्यानात ठेवावीत अशी आहेत.

पहिले प्रकरण 'लाइफ ॲट सी' या तीन वर्षांच्या सफरीचे. तुर्कस्तानशी संबंधित कंपनीची ही सफर १ नोव्हेंबर २०२३ रोजी इस्तंबूलहून निघणार होती. त्यासाठी जे जहाज घ्यायचे ठरले होते त्याचा व्यवहार पूर्ण होऊ शकला नाही आणि ते दुसऱ्याच कंपनीकडे गेले. त्याच महिन्यात सफर रद्द झाल्याचे प्रवाशांना कळवण्यात आले. अनेकांनी तोवर आपली घरे विकली वा भाड्याने दिली होती आणि सामान रवाना केले होते.

दुसरे प्रकरण 'व्हिला व्ही ओडिसी' या जहाजाचे. १९९३ मध्ये सेवेत आलेले आणि पूर्वी 'ब्रेमार' नावाने ओळखले जाणारे हे जहाज साडेतीन वर्षांच्या जगप्रदक्षिणेसाठी २०२४ च्या मे अखेरीस उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टहून निघायचे होते. सुकाणू आणि गिअरबॉक्स यांच्या दुरुस्तीमुळे ते तेथेच अडकले आणि सप्टेंबरअखेर प्रवाशांना घेऊन धक्क्यावरून हलले. मधल्या चार महिन्यांत प्रवाशांना दिवसा जहाजावर जाता येई, परंतु रात्री तेथे राहण्याची मुभा नव्हती. कंपनीने काहींची हॉटेलात सोय केली, काही जण युरोपात फिरून आले. आपल्याच घरातून रोज सायंकाळी बाहेर पडण्याची ही वेळ होती. मात्र या प्रकरणाचा शेवट वेगळा झाला. जहाज प्रत्यक्षात निघाले आणि प्रदक्षिणा सुरू झाली.

दोन्ही प्रकरणांत एक समान सूत्र आढळते. विकली गेली होती ती सफर, पण तिचा सारा आधार होता जहाजाची मालकी आणि त्याची तांत्रिक स्थिती. जहाज कंपनीच्या ताब्यात आहे काय, त्याचे वय किती, त्याची सुरक्षितता प्रमाणपत्रे वैध आहेत काय, हे प्रश्न सदनिकेच्या सजावटीआधी विचारले पाहिजेत.

खर्चाचा आणि कायद्याचा हिशेब

भारतात राहणाऱ्या व्यक्तीसाठी पहिली मर्यादा परकीय चलनाची आहे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेनुसार एका आर्थिक वर्षात एका व्यक्तीला २,५०,००० डॉलरपर्यंतच रक्कम परदेशी पाठवता येते. 'द वर्ल्ड'वरील सदनिकांच्या किमती आरंभीच २० लाख डॉलरच्या घरात होत्या. म्हणजे एवढी रक्कम एकट्याने पाठवायची तर आठ वर्षांची मर्यादा खर्ची पडेल. 'ओडिसी'वरील सर्वांत लहान, खिडकी नसलेली खोली सुमारे एक लाख डॉलरपासून विक्रीस होती. परंतु त्यावर दरमहा स्वतंत्र शुल्क असते आणि खोलीचा हक्क जहाजाच्या आयुष्याइतकाच टिकतो. जमिनीच्या किमतीप्रमाणे ती गुंतवणूक वाढेल ही अपेक्षा येथे फोल ठरते, कारण जहाज जसे जुने होते तसे त्याचे मोल घटत जाते.

दुसरा प्रश्न कराचा. देशाबाहेर भटकत राहिलो की कोठेच कर भरावा लागणार नाही, असा एक समज आहे. २०२० च्या वित्त अधिनियमाने त्याला बांध घातला. परदेशी उत्पन्न वगळता ज्या भारतीय नागरिकाचे वार्षिक उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक आहे आणि ज्याला निवासाच्या कारणाने अन्य कोणत्याही देशात कर द्यावा लागत नाही, त्याला भारतातील रहिवासी मानण्याची तरतूद तेव्हा करण्यात आली.

तिसरी अडचण व्हिसाची. धनिक देशांच्या पारपत्रधारकांना अनेक बंदरांत विनासायास उतरता येते. भारतीय पारपत्रावर तसे होत नाही. शेंगेन देशांत अल्पकालीन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही, आणि जहाज त्या क्षेत्रात वारंवार ये-जा करणार असेल तर बहुप्रवेश व्हिसा आवश्यक ठरतो. व्हिसा नसेल तर शेजारी किनाऱ्यावर उतरतात आणि आपण कठड्याशी उभे राहून बंदर पाहायचे, अशी वेळ येते. शिवाय व्हिसाचे नवे अर्ज करण्यासाठी अनेकदा मायदेशी परतावे लागते.

जहाजावर कायदा चालतो तो मुख्यत्वे ज्या देशाचा ध्वज जहाजावर असतो त्याचा. 'द वर्ल्ड'ची नोंदणी बहामाज येथील आहे. करार कोणत्या देशाच्या कायद्यानुसार झाला आणि वाद उद्भवल्यास दाद कोठे मागायची, हे सही करण्यापूर्वीच पाहणे हिताचे.

प्रकृती आणि वार्धक्य

जहाजावरील निवास हा वृद्धाश्रमाला पर्याय ठरू शकेल काय, याचा विचार २००४ मध्ये अमेरिकेतील वृद्धवैद्यकाच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात गांभीर्याने मांडला गेला होता. तेथील निवासी शुश्रूषेचा खर्च आणि समुद्रसफरीचा खर्च यांत फारसे अंतर नाही, असा त्या लेखाचा सूर होता. आपल्याकडील वृद्धाश्रमांचा खर्च ध्यानी घेता ही तुलना येथे जुळत नाही. शिवाय जहाजावरील दवाखाना प्रथमोपचार व तातडीचे उपचार करू शकतो. डायलिसिस, कर्करोगावरील उपचार वा मोठ्या शस्त्रक्रिया यांसाठी किनारा गाठावा लागतो. भरसमुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च समाविष्ट असलेला विमा म्हणूनच अपरिहार्य ठरतो.

साथीच्या काळात जहाज किती असहाय होते हे फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात अडकलेल्या 'डायमंड प्रिन्सेस'ने दाखवले. तीन हजार सातशेहून अधिक माणसांपैकी सातशेहून अधिक जणांना करोनाची बाधा झाली. त्या जहाजावर १३८ भारतीय होते आणि त्यांतील १३२ कर्मचारी होते. समुद्रावरील ऐश्वर्याचा विचार करताना ते ज्यांच्या श्रमांवर उभे असते, त्या वर्षातील कित्येक महिने घरापासून दूर राहणाऱ्या कर्मचाऱ्यांचाही विसर पडू नये. त्यांच्यासाठीही जहाज हेच घर असते, फक्त त्यांना मार्ग निवडता येत नाही.

जमिनीवरचा पत्ता

पारपत्र, बँक खाते, आयकर विवरण, विमा या साऱ्यांना पत्ता लागतो, आणि तो अक्षांश-रेखांशांत देता येत नाही. मतदारयादीत नाव राहण्यासाठी 'सामान्य रहिवास' ही अट आहे. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकांना २०११ पासून पारपत्रावरील पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येते, तथापि मतदानासाठी केंद्रावर स्वतः हजर राहावे लागते. निवृत्तिवेतनधारकाला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो आता 'जीवन प्रमाण' पद्धतीने दुरून देता येतो, परंतु मिळकतीची कामे, वारसनोंद वा न्यायालयीन बाबी यांसाठी विश्वासू व्यक्तीला मुखत्यारपत्र देऊन ठेवणे शहाणपणाचे. जहाज ठरावीक काळाने सुक्या गोदीत दुरुस्तीला जाते, तेव्हाही रहिवाशांना अन्यत्र राहावे लागू शकते. त्यामुळे सोलापुरातील घर विकून जहाजावर जाण्यापेक्षा ते राखून जाणेच श्रेयस्कर.

आरंभ कोठून करावा?

समुद्रवास आपल्या प्रकृतीला मानवतो काय, हे आधी थोडक्यात अजमावून पाहावे. मुंबई आणि गोव्याला जोडणारी 'आंग्रिया' ही प्रवासी नौका ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाली होती. २०२१ मध्ये 'कॉर्डेलिया' कंपनीने मुंबईहून गोवा, लक्षद्वीप व कोची यांच्या सफरी सुरू केल्या. अशा तीन-चार रात्रींच्या प्रवासात समुद्र लागणे, खोलीचा लहानसा आकार, सतत चालणारा यंत्रांचा नाद आणि किनारा दिसेनासा झाल्यावर मनाची होणारी स्थिती यांचा अनुभव येतो. त्यानंतर काही आठवड्यांची दीर्घ सफर करावी आणि मगच वर्षांचा विचार करावा.

पैसे भरण्यापूर्वी जहाजाचे नाव, त्याची बांधणी कोणत्या वर्षाची, नोंदणी कोठली व मालक कोण हे लेखी मागावे. सफर रद्द झाल्यास पैसे परत मिळण्यासाठी ते तटस्थ खात्यात ठेवले जातात काय, मासिक शुल्क किती वाढू शकते, मृत्यू वा आजारपणात खोलीचा हक्क कोणाकडे जातो, याची उत्तरे करारात असावीत. ती मिळत नसतील तर सफर कितीही मोहक असली तरी थांबावे.

समुद्रावर घर करणे अशक्य नाही. 'द वर्ल्ड'च्या रहिवाशांनी मालकी आणि जबाबदारी दोन्ही स्वतःकडे घेऊन ते दोन दशकांहून अधिक काळ निभावले आहे. परंतु ते घर तरंगते ते जमिनीवरील भक्कम आधारावर. हा आधार शाबूत ठेवून निघणाऱ्यालाच समुद्राचे सुख निर्धास्तपणे उपभोगता येईल.