कोरेगांव तालुक्याचें पाणी: मजुरीपासून श्रमदानापर्यंत

महाबळेश्वरीं पावसाच्या धारा अखंड कोसळतात; परंतु त्याच सातारा जिल्ह्यांतील कोरेगांव तालुका सह्याद्रीच्या आड पर्जन्यछायेंत पडला आहे. म्हणून येथील पाण्याचा इतिहास हा येथील मनुष्याच्या कष्टांचाच इतिहास होय. महोत्सवाच्या या प्रसंगीं, विशेषतः आमच्या तरुणांसाठीं, त्याचें थोडक्यांत अवलोकन करणें उचित होईल.

इ. स. १८७६-७७ सालीं दक्षिणेंत भयंकर अवर्षण पडलें व सरकारनें ठिकठिकाणीं दुष्काळी कामें काढलीं. १८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल यांनीं पुरुष मजुराची रोजची मजुरी खालीं आणली. तेव्हां मुंबई इलाख्यांतील हजारों मजूर कामें सोडून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू मांडली. तें खोदकाम केवळ पोटासाठीं होतें. खणलेल्या मातीवर खणणाऱ्याचा अधिकार नव्हता.

पुढें १९७२ च्या दुष्काळानंतर, १९७७ च्या कायद्यानें रोजगार हमीस हक्काचें रूप आलें. ही मोठीच प्रगति होय. तथापि आंखणी कचेरींतच होत असे, आणि साताऱ्याचा तरुण पूर्वीप्रमाणेंच मुंबईच्या गिरण्या व गोद्यांची वाट धरीत असे.

निराळा मार्ग दाखविणाऱ्यांत स्वित्झर्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर हे प्रमुख होत. अहमदनगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्यांत दीर्घकाळ सेवा करून त्यांनीं १९९३ सालीं क्रिस्पिनो लोबो यांच्यासह 'वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट' ही संस्था स्थापिली. गांवानें श्रमदान, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी स्वतः पत्करावी, हें तिच्या कार्याचें सूत्र होतें.

हेंच तत्त्व २०१६ सालीं आपल्या तालुक्यांत फळास आलें. पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेसाठीं निवडलेल्या तीन तालुक्यांत कोरेगांव एक होता. प्रत्येक गांवांतील निवडक स्त्रीपुरुषांनीं प्रशिक्षण घेतलें, आणि ऐन उन्हाळ्यांत गांवकरी कुदळ, फावडें व पाटी घेऊन डोंगरावर गेले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत कामाचा क्रम असे: उतारावर सलग समतल चर, ओघळींत दगडी बांध, शेतांत बांधबंदिस्ती. धांवणाऱ्या पाण्यास चालावयास लावावें व चालणाऱ्यास थांबवावें, म्हणजे तें जमिनींत मुरून विहिरीस येतें. त्या वर्षीं वेळू गांवानें राज्यांत पहिलें बक्षीस मिळविलें.

हत्यारें १८७७ चींच होतीं. परंतु हात आतां स्वतःच्या गांवासाठीं राबत होते. एवढ्या एका फरकानें तोच श्रम मनुष्यास दीन न करतां त्यास उभें करता झाला.

ती स्पर्धा २०१९ नंतर थांबली. चर मात्र दरवर्षीं गाळानें भरतात, बांधाचे दगड ढांसळतात, आणि पाणी वाढलें म्हणजे अधिक उपशाचा मोहही वाढतो. बक्षीस एकदांच मिळतें. गाळ दर उन्हाळ्यास काढावा लागतो. तरुण मित्रांनो, वडिलांनीं घाम गाळून अडविलेलें पाणी राखण्याचें हें काम आतां तुमचें आहे. पहिल्या पावसापूर्वीं फावडें हातीं घ्या.