ओळखीचा वकील नाही? मग योग्य वकील कसा मिळवायचा?

घरी कोर्टाचं समन्स आलं की पहिला प्रश्न पडतो, ‘आपल्या ओळखीत कुणी वकील आहे का?’ नसेल तर आपण मोबाइलवर ‘बेस्ट वकील’ असं सर्च करतो. पण वकिलांना आपली जाहिरात करायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार बंदी आहे. वकिलांची रेटिंग देणाऱ्या आणि कामं मिळवून देणाऱ्या वेबसाइटवर मद्रास उच्च न्यायालयानेही जुलै २०२४ मध्ये ताशेरे ओढले होते. त्यामुळे तिथले स्टार बघून वकील ठरवणं धोक्याचं आहे.

मग विचारायचं कुठे?

प्रत्येक जिल्हा न्यायालयात ‘जिल्हा विधी सेवा प्राधिकरणा’चं कार्यालय असतं. तालुक्याच्या ठिकाणी विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या यंत्रणेकडे वकिलांचं पॅनल असतं. तुमचं प्रकरण पाहून त्यातला वकील नेमून दिला जातो. पात्र असाल तर वकिलाची फी सरकार देतं.

मोफत वकील कुणाला मिळतो?

- सर्व महिला आणि मुलं
- अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती
- दिव्यांग
- औद्योगिक कामगार
- तुरुंगातले किंवा कोठडीतले आरोपी
- मानवी तस्करीचे आणि नैसर्गिक आपत्तीचे बळी
- महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपेक्षा कमी असलेले लोक

इथे एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. महिलांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे नोकरी करणारी महिलाही घटस्फोट, पोटगी किंवा घराच्या वाट्यासाठी अर्ज करू शकते.

अर्ज कसा करायचा?

ओळखपत्र, कोर्टाची किंवा पोलिसांची कागदपत्रं आणि पात्रतेचा पुरावा घेऊन कार्यालयात जा. उत्पन्नासाठी प्रतिज्ञापत्रही चालू शकतं. लिहिता येत नसेल तर तिथले कर्मचारी अर्ज भरून देतात. आधी फोनवर विचारायचं असेल तर १५१०० ही हेल्पलाइन आहे. समन्सवरची तारीख जवळ असेल तर ते आधी सांगा.

पात्र नसाल तर?

‘टेली-लॉ’मध्ये १४४५४ वर किंवा गावातल्या सीएससी केंद्रातून वकिलाचा सल्ला मोफत मिळतो. आधी प्रकरण नेमकं कशाचं आहे ते समजून घ्या. जमिनीचा वाद, चेक बाउन्स आणि कौटुंबिक खटला यांचे जाणकार वेगवेगळे असतात. मगच वकील शोधा आणि पहिल्या भेटीत हे विचारा:

- अशी प्रकरणं याआधी चालवली आहेत का?
- फी एकरकमी की टप्प्याटप्प्याने? पावती मिळेल का?
- तारखेला स्वतः उभे राहाल की ज्युनिअर?
- सनद क्रमांक काय? (महाराष्ट्रातली सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल देतं.)

कुठे सावध व्हायचं?

‘केस जिंकून देतोच’ अशी खात्री कुणी देत असेल तर तिथून उठा. ‘जिंकलात तर भरपाईतले इतके टक्के माझे’ असा करार करायलाही वकिलांना मनाई आहे. विधी सेवेतून नेमलेल्या वकिलाने पैसे मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. कोऱ्या कागदावर सही कधीच करू नका. वकालतनामाही पूर्ण भरलेला असेल तरच सही करा आणि त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा.