क्रोशाच्या सूचना कोणासाठी लिहिल्या गेल्या?

क्रोशाने टॉप, जाकीट किंवा स्वेटर विणायला घेतलेला माणूस सुईपाशी क्वचित अडतो. अडतो तो कागदापाशी. साखळी, मुका खांब आणि खांब हे टाके हातात बसले की बहुतेक साधे कपडे विणता यायला हरकत नसते. पण कृतीत लिहिलेले असते, ‘मुंढ्यासाठी दर ओळीला एक टाका घटवत 60 (66, 72, 78) टाके ठेवा, त्याच वेळी गळ्याच्या बाजूने दर दुसऱ्या ओळीला घट सुरू करा, दुसरी बाजू याच्या उलट विणा.’ चार आकड्यांतला आपला कोणता, ‘त्याच वेळी’ म्हणजे कितव्या ओळीपासून, साठ टाक्यांत गळ्याची घट धरली आहे की नाही, याचे उत्तर देणारा शब्द पानावर कुठेच सापडत नाही. वाचणारी व्यक्ती चार वेळा उसवते आणि शेवटी आपल्यालाच हे जमत नाही असे ठरवून सुई बाजूला ठेवते. हा निवाडा चुकीचा आहे. क्रोशाची छापील कृती जन्माला आली ती आधीपासून विणता येणाऱ्यांच्या टिपणासारखी. पुढे तेच टिपण नवशिक्यांना पाठ म्हणून विकले गेले, आणि त्यात गाळलेल्या जागा तशाच राहिल्या. आजचा गोंधळ त्या गाळलेल्या जागांचा आहे.

छापील क्रोशाचा आजवर माहीत असलेला आरंभ ‘पेनेलोपे’ या डच मासिकात होतो. 1823 साली त्यात रेशमी थैल्यांचे नमुने आले आणि त्यांतले काही क्रोशाचे होते. पुढची मोठी पायरी इंग्रजीत पडली. एडिंबरोत सूत आणि भरतकामाच्या सामानाचे दुकान चालवणाऱ्या जेन गॉगेन यांनी 1840 मध्ये विणकामाचे पुस्तक काढले आणि प्रत्येक टाक्याला एकेक अक्षर नेमून दिले. काही अक्षरे तर उलटी छापून त्यांना वेगळा अर्थ दिला. फ्रान्सिस लॅम्बर्ट यांचे केवळ क्रोशाला वाहिलेले पुस्तक 1843 चे. त्याच दशकात रिएगो द ला ब्रांशारदिएर या तरुण लेखिकेची पुस्तके येऊ लागली आणि पुढे कित्येक वर्षे येत राहिली. या सगळ्यांनी एक कला कागदावर उतरवली, हे काम सोपे नव्हते आणि त्यांचे ऋण मानायलाच हवे. पण प्रत्येकीने संक्षेप आपापले ठरवले. शिवाय त्यांची वाचक घरात किंवा शाळेत सुई धरायला शिकलेली होती, आणि अडलीच तर दुकानात जाऊन विचारू शकत होती. त्या पुस्तकांत मोठा भरणा थैल्या, टोप्या, गाद्यांची आच्छादने आणि झालरींचा. थैली दोन बोटे मोठी झाली तरी थैलीच राहते. म्हणून दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसावेत हे सांगण्याची गरज कोणाला भासली नाही, आणि न सांगण्याची ती सवय कपड्यांच्या कृतींतही शिरली.

त्या काळात अंगावर घालायचे क्रोशाचे कपडे होत नव्हते असे नाही, उलट फार सुंदर होत. 1845 पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडाले, दुष्काळ पडला, आणि क्रोशाची लेस हे हजारो घरांच्या पोटापाण्याचे साधन झाले. कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉक इथल्या अर्सुलाइन जोगिणींनी आणि मोनाहन परगण्यातल्या क्लोन्स गावी पाद्र्याची पत्नी कॅसँड्रा हँड यांनी हे काम शिकवले आणि त्याला गिऱ्हाईक मिळवून दिले. तिथल्या बाया गुलाब, पाने, द्राक्षांचे घोस असे सुटे नमुने विणत. एखादा नमुना एकाच घराण्याकडे असे आणि तो जपला जाई. मग शिंप्याने कापलेल्या कापडी किंवा कागदी आकारावर हे तुकडे उलटे टाचून घेत आणि मधली जागा जाळीने भरत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या श्रीमंत स्त्रियांनी मिरवलेले आयरिश क्रोशाचे कोट असे तयार झाले. इथे मापाचा सगळा भार शिवणकामाने उचलला होता. मुंढा कुठे वळतो, गळा किती खोल, हे आकार दाखवत होता. विणणारीला घट मोजायची गरज नव्हती. आपल्याकडे आंध्र प्रदेशातल्या नरसापूरची लेसही मिशनऱ्यांच्या हातूनच आली, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, आणि तिथेही काम तुकड्यांत वाटले गेले: कोणी फुले विणायची, कोणी ती जोडायची. 2024 मध्ये या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले.

कपड्याचा आकार टाक्यांच्या आकड्यांतून काढण्याची रीत खरी रुळली ती विसाव्या शतकात, आणि ती रुळवली सूत विकणाऱ्यांनी. ब्रिटनमध्ये 1920 साली एकत्र आलेल्या पेटन्स अँड बॉल्डविन्ससारख्या कंपन्या लोकरीच्या गुंड्यांबरोबर पत्रके छापत. पत्रक स्वस्त हवे, म्हणून कागद थोडा. कागद थोडा, म्हणून तीन-चार मापे एकाच मजकुरात कंसांत कोंबलेली आणि दुसरा खांदा ‘उलट विणा’ एवढ्या दोन शब्दांत आटोपलेला. आणखी एक गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. धाग्याची जाडी सांगण्याऐवजी पत्रकात कंपनीच्या धाग्याचे नाव असे, कारण तोच खपवायचा होता. तो धागा बाजारातून गेला की कृतीचा पायाच जातो. जुन्या पत्रकावरून विणलेला कपडा ढगळ किंवा आखूड होण्याचे हे सर्वांत साधे कारण आहे. सुईच्या क्रमांकांचेही तेच. जुना ब्रिटिश 8 क्रमांक म्हणजे 4 मिलिमीटर, त्याच जाडीच्या सुईला अमेरिकेत जी हे अक्षर, आणि बारीक पोलादी सुयांत क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक. मिलिमीटर सगळीकडे छापले जाऊ लागेपर्यंत हा घोळ चालला.

पण सर्वांत जास्त कपडे बिघडवले ते टाक्यांच्या नावांनी. जो टाका अमेरिकन कृतीत ‘सिंगल’, तोच ब्रिटिश कृतीत ‘डबल’. अमेरिकन ‘डबल’ म्हणजे ब्रिटिश ‘ट्रेबल’. आणि हा एका पायरीचा फरक वरपर्यंत जातो. हा निव्वळ लहरीपणा नव्हता. जुन्या इंग्रजी पुस्तकांत सर्वांत आखूड, सरकत्या टाक्याला ‘सिंगल’ म्हणत, त्यामुळे त्याच्या पुढचा आपोआप ‘डबल’ ठरला. अमेरिकेत सरकत्या टाक्याला मोजणीबाहेर ठेवले आणि त्याच्या पुढच्यापासून एक धरले. तळमजल्याला पहिला म्हणायचे की शून्य, यावरून इमारतीच्या मजल्यांचे आकडे बदलतात तसेच हे आहे. परिणाम मात्र गंभीर. अमेरिकन कृतीतला ‘डबल’ ब्रिटिश समजून विणला तर प्रत्येक ओळीची उंची निम्म्याच्या आसपास येते आणि वीस ओळींचा मुंढा दंडात घुसतो. कागदावर देश लिहिलेला नसला तरी मजकूर आपला देश सांगत असतो. कुठेही ‘सिंगल क्रोशे’ आले की कृती अमेरिकन, कारण आजच्या ब्रिटिश कृतीत ते नाव वापरत नाहीत. टाका सोडायला ‘मिस’ म्हटले आणि विणीच्या घट्टपणाला ‘टेन्शन’ म्हटले तर ब्रिटिश. ‘स्किप’ आणि ‘गेज’ असेल तर अमेरिकन. आणि ‘डबल’च्या ओळीआधी उंचीसाठी तीन साखळ्या घ्यायला सांगितल्या असतील तर तो आपला खांब, एकच साखळी असेल तर मुका खांब.

घट्टपणाचा मुद्दा अनेकांना किरकोळ वाटतो, म्हणून त्याचा हिशोब मांडायला हवा. कृती सांगते, 10 सेंटिमीटरमध्ये 16 खांब, आणि पुढच्या भागाला 80 टाके. म्हणजे पुढचा भाग 50 सेंटिमीटर आणि मागचा धरून घेर 100. विणणाऱ्याचा हात थोडा घट्ट असला आणि तेवढ्याच जागेत 18 खांब बसले, तर तेच 80 टाके 44.4 सेंटिमीटर भरतात आणि घेर 89 च्या खाली जातो. कृतीतला एकही शब्द न चुकवता कपडा 11 सेंटिमीटरने तोकडा झाला. ओळीच्या सुरुवातीच्या तीन साखळ्या पहिला खांब म्हणून मोजायच्या की नाही, हेही कित्येक कृती सांगत नाहीत. मोजल्या आणि तरी त्यांच्या पायथ्याशी पुन्हा खांब घेतला, तर दर ओळीला एक टाका वाढतो आणि सरळ विणायचा तुकडा तिरका पसरत जातो.

यावर अनुभवी लोक म्हणतील की संक्षेप नसते तर एका स्वेटरची कृती पन्नास पानांची झाली असती आणि ती कोणी वाचली नसती. हे खरे आहे, आणि संक्षेपाला माझा विरोध नाही. संक्षेप शिकता येतो. न लिहिलेली गोष्ट शिकता येत नाही. घटीनंतर एकूण टाके किती उरले हा एक आकडा लिहायला अर्धी ओळही लागत नाही, आणि तेवढ्यावर चूक तिथल्या तिथे पकडता येते. दुसरे म्हणणे असे की शब्द सोडा, जपानी पद्धतीचे चिन्हांचे आलेख वापरा. जपानने विणकामाची चिन्हे आपल्या औद्योगिक मानकांत बसवली आहेत, आणि खरोखरच त्या आलेखाला भाषेची अडचण नाही. जाळी, फूल, गोलाकार रुमाल यांच्यासाठी त्याहून चांगले साधन नाही. पण आलेख बहुधा एकाच मापाचा असतो. पाच मापांचा मुंढा आलेखात दाखवायचा तर पाच आलेख लागतात; म्हणून कपड्यासाठी आकडे आणि वाक्ये यांना सुट्टी मिळत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. क्लोन्सच्या आणि नरसापूरच्या बायांनी कागद न वाचता जगात नावाजलेले काम केले, तेव्हा क्रोशा हाताकडून हाताकडे शिकावा, लेखी कृतीचा आग्रह कशाला? या परंपरेबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तिची दुसरी बाजूही नोंदलेली आहे. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी 1982 मध्ये नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांवर पुस्तक लिहिले. त्यात दिसते की या बाया घरी बसून तुकड्यावर मजुरी घेत, व्यापार आणि नफा दुसऱ्यांच्या हाती असे, आणि त्यांना कामगार न मानता फावल्या वेळात विणणाऱ्या गृहिणी मानले जाई. जिला एकच फूल येते तिला संपूर्ण कपड्याचा हिशोब कधी दिसत नाही, आणि ज्याच्याकडे पूर्ण हिशोब असतो तो भाव ठरवतो. नीट लिहिलेली कृती हा हिशोब सगळ्यांच्या हाती देते. म्हणून तिचा गोंधळ दूर करणे हा केवळ सोयीचा प्रश्न आहे असे मला वाटत नाही.

मराठीत हे काम इंग्रजीपेक्षा सोपे व्हायला हवे. आपल्याकडे रुखवतातले तोरण आणि बाळंतविड्यातली कुंची, टोपडे, मोजे विणणाऱ्यांनी टाक्यांना दिलेली साखळी, मुका खांब, खांब ही नावे त्यांच्या रूपावरून आली आहेत, त्यामुळे मोजणी कुठून सुरू करायची हा वादच उरत नाही. मात्र मराठीत कृती लिहिणारे बरेच जण इंग्रजी पत्रकांवरून उतरवताना मूळ कृती ब्रिटिश की अमेरिकन हे न तपासता ‘डबल’ हा शब्द तसाच ठेवतात, आणि तिकडची अडचण इकडे आणतात. त्यांना विनंती एवढीच: ‘डबल’ लिहू नका, खांब की मुका खांब ते लिहा, धाग्याच्या नावाबरोबर जाडी आणि सुईचे मिलिमीटर द्या, 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी ते सांगा, सुरुवातीच्या साखळ्या टाका म्हणून धरल्या की नाही ते लिहा, प्रत्येक वाढ-घटीच्या ओळीअखेर एकूण टाके द्या, आणि दुसरा खांदा ‘उलट विणा’ म्हणून सोडून न देता पूर्ण लिहा.