तणांची रसायने आणि पिकांचे बीजांकुरण : एका संकल्पनेची वाटचाल

प्रस्तावना

श्रीवर्धनसह रायगडच्या भातपट्ट्यात पेरणीपूर्वी रोपवाटिकेच्या जागेवर राब भाजण्याची प्रथा जुनी आहे. पालापाचोळा, गवत व शेण पसरून भाजल्याने मातीच्या वरच्या थरातील तणांचे बी जळते. तण पिकाचे अन्न, पाणी व प्रकाश हिरावून घेते, हे या खटाटोपामागील उघड कारण होय. याखेरीज तण मातीत पिकास बाधक रसायनेही सोडते काय, हा प्रश्न मात्र शास्त्राच्या इतिहासात दीर्घकाळ वादग्रस्त राहिला. त्या वादाचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

संकल्पनेचा उदय

हरभऱ्याने जमीन निकस होते व तणही नष्ट होते, अशी नोंद इसवी सनापूर्वी सुमारे ३०० वर्षे ग्रीक अभ्यासक थिओफ्रास्टस याने केली. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल यांनी १८३२ मध्ये मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्यांमुळे जमीन पिकाला प्रतिकूल होते, असे मत मांडले. परंतु १८४० मध्ये लिबिग यांचा खनिज पोषणाचा सिद्धान्त पुढे आला आणि हा विचार मागे पडला. ‘अ‍ॅलेलोपॅथी’ ही संज्ञा हान्स मोलिश यांनी १९३७ मध्ये रूढ केली. तीत अपायकारक व उपकारक अशा दोन्ही परिणामांचा समावेश होता.

गाजर गवताचा दाखला

महाराष्ट्रात या प्रश्नाला निकड आली ती गाजर गवतामुळे. १९५५ मध्ये पुण्यात आढळलेल्या या तणाची नोंद आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे ते देशभर पसरले. कांचन व जयचंद्र यांनी १९७९-८० च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या लेखमालेत या तणाची मुळे, पाने व कुजणारे अवशेष या तिन्ही वाटांनी रोधक द्रव्ये बाहेर पडतात, असे दाखविले. पार्थेनिन व काही फिनॉलिक आम्ले ही त्यांतील प्रमुख द्रव्ये होत.

बशी आणि शेत

द्रव्य सापडले म्हणजे शेतातील कारण सापडले, असे मात्र होत नाही. कॅलिफोर्नियातील सुगंधी झुडपांभोवतीचा ओसाड पट्टा त्यांच्या बाष्पशील द्रव्यांमुळे निर्माण होतो, असे म्युलर व सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये मांडले. १९७० मध्ये बार्थोलोम्यू यांनी जाळीचे कुंपण घालून प्राण्यांना दूर ठेवले, तेव्हा त्या पट्ट्यात गवत उगवले. झुडपांच्या आश्रयाने राहणारे प्राणी तेथील गवत व बी खात होते.

पेट्री बशीतील प्रयोगांनाही हाच धडा लागू पडतो. तीव्र अर्काचा परासरण दाबच बीजांकुरण रोखू शकतो. शिवाय बशीत मातीतील सूक्ष्मजीव नसतात, जे अशा द्रव्यांचे विघटन करतात. श्रीवर्धनच्या मुसळधार पावसात पानांवरील द्रव्ये मातीत उतरतात, तशीच ती विरळ होऊन वाहूनही जातात. त्यांचा निव्वळ परिणाम किती, हे केवळ बशीवरून सांगता येत नाही.

समारोप

तणाच्या अर्काने भाताचा मूलांकुर खुंटला, एवढे निरीक्षण ही संशोधनाची सुरुवात होय, निष्कर्ष नव्हे. समान परासरण दाबाचे नियंत्रण द्रावण, तणाखालची प्रत्यक्ष माती आणि पावसाने उतरणाऱ्या द्रव्याइतकीच मात्रा, या तीन कसोट्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही लावता येण्याजोग्या आहेत. त्या न लावता शेतकऱ्याला दिलेला सल्ला म्हणजे सिद्ध न झालेल्या अनुमानाचा भार त्याच्या एका हंगामावर टाकणे होय.